अडचणीत की अडकित्त्यात? पाच घरांच्या एका शब्दाचं प्रकरण

(घडलेलं सगळं खरं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि घरचे दोन-तीन तपशील बदललेत.)

पार्श्वभूमी

मी बेळगावात वडगाव भागात राहते. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या माडीवर गल्लीतली आठ मुलं मराठी वाचायला येतात. फी नाही, परीक्षा नाही. पाच जण इंग्लिश मीडियमचे, दोघं कन्नड मीडियमची आणि एकटाच मराठी शाळेतला. घरी सगळे मराठीच बोलतात, पण ते आपलं इथलं मराठी, "काय करायलास", "जेवायलोय", "पण" च्या जागी "खरं". ते मला मनापासून आवडतं आणि ते सुधारायला मी वर्ग घेत नाही. अडचण येते ती छापील मराठी समोर आलं की. वाक्य वाचतात, शब्द कळतात, आणि मध्येच एखादा वाक्प्रचार आला की गाडी थांबते.

आधी मी सगळे करतात तेच केलं. वाक्प्रचार आणि समोर अर्थ, अशी यादी, वीस-वीसचं पाठांतर. मुलं पाठ करायची आणि पुढच्या रविवारी विसरायची, आणि विसरली नाहीत तरी वापरायची नाहीत. एकदा "पाचवीला पुजणे" आलं तर सगळ्यांनी पाचवी म्हणजे पाचवीचा वर्ग धरला, कारण बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाईची पूजा असते हे कुणाला माहीतच नव्हतं. "कष्ट पाचवीला पुजलेले" म्हणजे पाचवीपासून अभ्यास जड जातो, असं एकानं अगदी मनापासून सांगितलं. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्याच्याकडे जेवढं होतं त्यातून त्यानं अर्थ काढला.

म्हणून मी यादी बंद केली आणि हातानं शब्दकोडी करायला लागले. सात बाय सातची चौकट, निम्मे शब्द इथल्या गावांचे, माणसांचे, म्हणजे मुलांना हात घालायला काहीतरी ओळखीचं असतं, आणि दोन-तीन वाक्प्रचार. शब्दकोडं हा प्रकार तसा आपला नाही, पहिलं कोडं न्यूयॉर्कच्या एका पेपरात २१ डिसेंबर १९१३ ला आलं, आर्थर विन नावाच्या माणसानं केलेलं. तिकडं एका घरात एक लेटर, आपल्याकडं एका घरात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट. हा फरक वाचायला किरकोळ वाटतो पण या प्रकरणात तो महत्त्वाचा आहे.

त्या रविवारी जुलैचा पाऊस लागून होता, चारच मुलं आली. आठवीतली एक मुलगी (इंग्लिश मीडियम, दुसरी भाषा कन्नड) आजोबांना घेऊन आली, कारण त्यांना घरात बसून कंटाळा आला होता. आजोबांनी उभं आयुष्य छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवण्यात घालवलंय. शिशाचे खिळे उलटे वाचत वाचत मराठी पक्कं झालेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली पाटी रस्त्यात दिसली तर थांबतात. पाच मिनिटांत आजोबा आणि नात एका कोड्यावर बसले, आजोबांच्या हातात त्यांचं पेन.

नेमकं काय अडलं

आडव्या शब्दांत एक सूचना होती, "_____ सापडणे : कोंडी होणे (५)". शेवटचं अक्षर त, हे आधीच पक्कं झालं होतं, कारण उभ्यात निपाणीजवळचा घाट म्हणून "तवंदी" बसला होता. आजोबांनी क्षणभरही न थांबता लिहिलं, अडचणीत. अ, ड, च, णी, त. पाच घरं, शेवटी त, सगळं बरोब्बर.

त्याच्या तिसऱ्या घरातून खाली तीन घरांचा शब्द होता. सूचना मी लिहिली होती, "१८२४ सालचा इंग्रजांविरुद्धचा लढा आठवा, बेळगाव जिल्हा (३)". आजोबा म्हणाले चन्नम्मा, म्हणजे कित्तूरची राणी. च, न्न, म्मा, तीन घरं. वरून च मिळालाच होता, म्हणजे दोन्ही शब्द एकमेकांना धरून उभे राहिले.

नात हळू आवाजात म्हणाली, "अज्जा, कित्तूर पण बसतंय की."

"च आलाय न्हवं वर. मग कित्तूर कसं बसंल?"

ती गप्प बसली. मी हे ऐकलं होतं आणि मीही गप्प बसले, उत्तर माझंच असून. त्यावर पुढं येते.

सगळ्यात खालचा आडवा शब्द, "लोंढ्याहून रेल्वेनं बेळगावला येताना लागणारं तालुक्याचं गाव (४)". खानापूर, यात कुणाचं दुमत असायचं कारणच नाही. पण खानापूरचा शेवटचा र जिथं पडत होता तिथं चन्नम्मातला म्मा बसला होता, तोही पेनानं.

समोर कोणते पर्याय होते

इथं दोघं जवळजवळ दहा मिनिटं थांबले, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी दहा मिनिटं हीच. तीन शब्द आहेत, त्यातला एक तरी चुकलाय, मग शंका कुणावर घ्यायची?

आजोबांनी पहिली शंका खानापूरवर घेतली. "दुसरं कुठलं तरी स्टेशन असंल." दुसरं नव्हतं, तालुक्याचं गाव तेवढंच. मग त्यांनी चन्नम्मा सोडली आणि च _ र असा शब्द शोधायला लागले. चकोर, चतुर. दोन्ही बसतात, पण १८२४ शी चकोराचा काय संबंध. अडचणीत वर मात्र त्यांनी शंका घेतलीच नाही, कारण तो अर्थानं बरोबर होता. अर्थानं बरोबर असलेला शब्द चुकीचा असू शकतो हे कोड्याशिवाय दुसरं कोण सांगणार, मला तरी माहीत नाही.

मग नात म्हणाली, "कित्तूर लिहून बघूया की एकदा. र पण जमतोय." शाळेत हा धडा तिनं तीनदा केलाय, समाजशास्त्रात आणि कन्नडमध्ये. कित्तूर उत्सव दर ऑक्टोबरला असतो, तिला तारीखसुद्धा पाठ, २३ ऑक्टोबर १८२४, त्या दिवशी कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला. तिनं कागदाच्या कडेला वेगळी घरं आखली आणि पेन्सिलनं लिहिलं, कि, त्तू, र. मग वरच्या आडव्या शब्दात झालं अ, ड, कि, रिकामं, त.

(अ आणि ड तसेच राहिले हा निव्वळ योगायोग. मी कोडं करताना अडचणीत हा शब्द माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता.)

आजोबांनी चष्मा काढला. "अडकित्त्यात," म्हणाले. "अडकित्त्यात सापडणे."

मुलीनं लिहायला घेतलं आणि ते सहा घरांचं झालं, कारण तिनं त् एका घरात आणि त्या दुसऱ्या घरात लिहिला, इंग्लिश कोड्याच्या सवयीनं. आजोबांनी सांगितलं, "त्त्या हे एकच अक्षर." आणि बोटानं हवेत ते खिळ्यासारखं उचलून ठेवल्यासारखं केलं. तिथं ती खूश झाली, आणि लगेच विचारलं, "म्हणजे काय खरं?"

"म्हणजे अडचणीत सापडणे."

"मग अडचणीत का नाही चाललं?"

याचं उत्तर त्या क्षणी आजोबांकडेही नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. आजोबांनी हा शब्द पन्नास वर्षं तरी वापरला असेल.

आता माझ्यासमोर पर्याय होते. एक, यादीतला अर्थ सांगून टाकायचा, "पेचात सापडणे", आणि पुढं जायचं. पण मग पेच म्हणजे काय हा पुढचा प्रश्न येतो, ती म्हणाली असती पेच म्हणजे पतंगाचा किंवा स्क्रूचा. दोन, मोबाईलवर शोधायचं. ते एका मुलानं तोवर केलंही होतं, त्यातही "पेचात सापडणे" एवढंच मिळालं. तीन, घरातला कोश काढायचा. कोशात सुपारी कातरायचं हत्यार हा अर्थ मिळाला असता, पण ज्या मुलीनं अडकित्ता कधी बघितलाच नाही तिला त्यातून काय दिसणार? तिच्या घरी सुपारी येते ती पुडीत, कातरलेली. चौथा पर्याय म्हणजे ती वस्तूच हातात द्यायची. तोच मला पटला, पण माझ्याकडे अडकित्ता नव्हता आणि आजोबांनी दात गेल्यापासून पान सोडलेलं, त्यांच्या चंचीबरोबर अडकित्ताही कुठं गेला कुणास ठाऊक.

काय केलं

आमच्या शेजारी एक विणकर कुटुंब आहे, घरी कन्नड बोलणारं. त्यांच्या आजींना सगळी गल्ली अव्वा म्हणते. अव्वा जेवणानंतर एली-अडकी खातात, म्हणजे पान-सुपारी. मी मुलीला छत्री देऊन पाठवलं, "अव्वांकडून अडकित्ता मागून आण."

ती अव्वांनाच घेऊन आली. अव्वा म्हणाल्या, एवढ्या पावसात पोरगी अडकत्तरी मागायला कशाला आली ते बघायला आले.

अडकत्तरी हा शब्द ऐकला आणि मुलगी थांबली. अडिके म्हणजे सुपारी हे तिला माहीत होतं, कत्तरी म्हणजे कात्री हेही. तिनं दोन्ही जोडले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "काकू, अडकित्ता कन्नड आहे?" शब्द तिकडूनच मराठीत आला असं जाणकार सांगतात, आणि इथं राहणाऱ्या माणसाला ते ऐकताक्षणी पटतं. आजोबा मात्र एकदम शांत झाले. ते नाराज झाले का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. नंतर फक्त एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं मी हा अडकणे वरनं आलाय समजत होतो." मला स्वतःला तो गैरसमज फार सुंदर वाटला आणि मी तसं त्यांना सांगितलं.

मग अव्वांनी पितळेचा अडकित्ता मुलीच्या हातात दिला, अख्खी सुपारी दिली, आणि बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. दोन दांड्या, एका टोकाला खिळीनं जोडलेल्या. वरच्या दांडीला धारेचं पातं, खालची बोथट, जाड. मुलीनं पहिल्यांदा खालची दांडी टेबलावर सैल ठेवली आणि वरून पातं दाबलं. सुपारी टुणकन उडाली, खुर्चीखाली गेली. दुसऱ्यांदा पण तेच. अव्वा म्हणाल्या, दोन्हीकडनं धर. तिसऱ्या वेळी तिनं दोन्ही दांड्या मुठीत धरल्या, सुपारी मध्ये, खिळीच्या जवळ, आणि आवळलं. आता सुपारी जाईना कुठंच. मागं खिळी, वर पातं, खाली दांडी. कटकन आवाज झाला आणि दोन तुकडे.

मी काही समजावलं नाही. मुलगीच म्हणाली, "एकच साईड दाबली तर ती पळून जाते. दोन्ही साईडनं दाबलं तरच सापडते."

अडचणीत आणि अडकित्त्यात यातला फरक एवढाच आहे, आणि मला तो असा कधी दिसलाच नव्हता. अडचण एका बाजूनंही येते. पेट्रोल संपलं, अडचण. पाऊस आला, अडचण. बाजूला सरकायला जागा असते, सुपारीसारखं उडून जाता येतं. अडकित्त्याला दोन दांड्या लागतात, आणि त्या दोन्ही मागं कुठंतरी एकाच खिळीला जोडलेल्या असतात. दोन्हीकडून दाबणारे बहुतेक वेळा आपलेच असतात, ही खिळीची बाब मला नंतर रात्री भांडी आवरताना सुचली.

अव्वांनी अजून एक भर घातली. कन्नड पेपरात पण असं लिहितात म्हणे. मुलीला एकदम आठवलं, "अडकत्तरीयल्ली सिलुकिद" असं हेडिंग तिनं वाचलं होतं, सरकार कुठल्यातरी दोन गोष्टींत सापडलं वगैरे बातमीचं, आणि तेव्हा ते तिला कळलं नव्हतं. म्हणजे एका सुपारीत तिला दोन भाषांतला वाक्प्रचार मिळाला.

पुढं काय झालं

पुढच्या रविवारी ती आली आणि म्हणाली, "काकू, काल आमची स्कूटी पंक्चर झाली आणि आम्ही अडकित्त्यात सापडलो."

मला वाईट वाटलं. मनात आलं, एवढं करून परत तिथंच आलो. पण मी चूक असं म्हटलं नाही, मी विचारलं, "दुसरी दांडी कुठली?" तिनं विचार केला. एकच दांडी होती. मग स्वतःच म्हणाली, "नाही, ही अडचण झाली." आणि थोड्या वेळानं, वर्ग संपता संपता, "आई म्हणते केस काप, शाळेला उशीर होतो रोज. आज्जी म्हणते कापलेस तर माझ्याशी बोलू नको. ही अडकित्ता आहे की नाही?"

आहे. आणि खिळी पण आहे, दोघी एकाच घरात.

तो प्रश्न, "दुसरी दांडी कुठली", मी वर्गात सगळ्यांना लावला. मराठी शाळेतला मुलगा, ज्याला अर्थ पाठ होता, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. कन्नड मीडियमच्या दोघांना लगेच जमलं. आठापैकी सहा जणांनी त्या महिन्यात कधी ना कधी हा वाक्प्रचार स्वतःहून बरोबर वापरला, यादीच्या दिवसांत असं एकदाही झालं नव्हतं.

मग हीच पद्धत मी "अटकेपार झेंडे लावणे" ला वापरून बघितली. कोड्यात "अटकेपार" पाच घरांचा. मुलांनी अटक म्हणजे पोलिसांची अटक धरली, साहजिकच. इथं हातात द्यायला वस्तू नव्हती, म्हणून नकाशा काढला, पुण्यावर बोट ठेवलं आणि दुसरं बोट सिंधूकाठच्या अटकेवर, आता पाकिस्तानच्या पंजाबात. १७५८ साली मराठे तिथवर गेले होते आणि घोड्यावरून गेले होते, एवढं सांगितलं. एका मुलानं मोबाईलवर अंतर बघितलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. पण खरं सांगायचं तर अडकित्त्याइतकं ते पक्कं बसलं नाही.

निर्णयाच्या जागा, आणि आता काय वेगळं करेन

१८२४ ची सूचना माझी चूक होती. तिचं उत्तर चन्नम्मा आणि कित्तूर दोन्ही होऊ शकत होतं, दोन्ही तीन घरांचे. कोडं करणाऱ्यानं हे तपासायलाच हवं. आता मी "चन्नम्मांचं संस्थान" असं लिहीन. उलट "कोंडी होणे" ही सूचना मी बदलणार नाही. "दोन्हीकडून कोंडी" लिहिलं असतं तर आजोबांना अडचणीत सुचलंच नसतं कदाचित, कोडं लवकर सुटलं असतं, आणि "मग अडचणीत का नाही चाललं" हा प्रश्न आलाच नसता. यावर माझ्या एका मैत्रिणीचं मत वेगळं आहे, ती म्हणते मुलांच्या कोड्यात सूचना चोख असावी. तिचं म्हणणं मी दोनदा ऐकून घेतलं, तरी माझं मत तेच आहे.

त्त्या चं घर मी मोकळं सोडलं होतं, त्याच्यातून उभा शब्द नव्हता, कारण असं जोडाक्षर दुसऱ्या शब्दात मिळणं अवघड. ते तसंच ठेवावं लागणार. पण मग बाकीची घरं तरी जास्त छेदलेली हवीत. अ ला दुसरा आधार नव्हता, ड लाही नव्हता.

पेन. आता माडीवर डबाभर पेन्सिली ठेवल्यात आणि मोठ्यांनाही त्याच देते. पेनानं लिहिलेला शब्द खोडायला माणूस तयार होत नाही, मग तो बाकीच्या शब्दांना खोटं ठरवायला लागतो, हे मी त्या दहा मिनिटांत डोळ्यानं बघितलं.

सगळ्यात जास्त मनाला लागलेली जागा वेगळीच आहे. मुलगी पहिल्यांदा "कित्तूर पण बसतंय की" म्हणाली तेव्हा ती बरोबर होती, आणि तिला गप्प केलं गेलं, प्रेमानं, पण गप्पच. मी तेव्हा बोलायला हवं होतं. उत्तर सांगायला नको, पण "दोन्ही शब्द कडेला लिहून ठेवा" एवढं तरी. मी आजोबांचा मान राखला आणि तिचा राखला नाही. शिवाय नंतर, उत्तर सापडल्यावर, सगळ्या मुलांसमोर मी पटकन म्हणून गेले, "बघा, आजोबांचं चुकलं होतं." ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले, आणि खिळ्यांची खण कशी लावतात, जोडाक्षरांचे खिळे कुठल्या कप्प्यात असायचे, हे मुलांना येऊन दाखवाल का असं विचारलं. ते आले. रिकाम्या खोक्यात खडूनं कप्पे आखून त्यांनी दीड तास दाखवलं, आणि नात सगळा वेळ त्यांच्या शेजारी बसून होती.

आता नवीन प्रश्न आलाय. मुलीनं परवा विचारलं, लग्न ठरताना सुपारी फोडतात, ती चांगली गोष्ट, मग टीव्हीवर "सुपारी दिली" म्हणजे माणूस मारायला सांगितलं असं कसं? कोड्यात घालण्यासारखा शब्द आहे, सुपारी, तीनच घरं. पण वर्गात पाचवीतली दोन लहान मुलं आहेत, आणि येत्या रविवारच्या कोड्यात ती तीन घरं मी अजून मोकळी ठेवलीत.